रुमालाबाहेरचा सौदा

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्यानं पहिल्यांदा काढली, त्याची मूठ रिकामी असणार, एवढं मी खात्रीनं सांगते. आमच्या गावाचा मात्र या म्हणीवर सगळा संसार चालायचा. ज्वारी किती झाली असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "झाली आपली पोटापुरती." घराबाहेर निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हणून विचारायचं नाही, काम बिघडतं. पोरीला बघायला पाहुणे येऊन गेले, तरी शेजारणीला पत्ता लागू द्यायचा नाही. आणि त्या पाहुण्यांच्या चहाला दूध शेजारणीकडूनच आणलेलं असायचं. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि बोलायचं कुणीच नाही. मला याचा पहिल्यापासून राग. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, त्याला मी काय करू?

सांगतेय ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळामागून आलेल्या उन्हाळ्यातली. आमचं गाव नगर जिल्ह्याच्या कोरड्या, उगवतीच्या अंगाला. तिकडं कोपरगावच्या बाजूला पाटाचं पाणी आणि ऊस, इकडं आमच्याकडं कुसळं आणि दगड. चांगल्या सालीसुद्धा दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला निघायचं. त्या साली सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. मी होते, आमचे हे होते, गावची पाटलीण म्हणवून घेणाऱ्या बायकाही पदर तोंडावर ओढून तिथंच होत्या. तिथली एक गोष्ट मला फार आवडायची. मिस्तरी लाकडी चौकट लावून प्रत्येकीचा ढीग मोजायचा आणि माप मोठ्यानं ओरडून सांगायचा. कुणाचा ढीग केवढा, ते चार माणसांत कळायचं. कमी भरला तर लाज वाटायची, पण संशय यायचा नाही. सरकारनं त्या साली आम्हाला सुकडी दिली, मिलोची लाल ज्वारी दिली, ते सगळं विसरले मी. ते ओरडून सांगितलेलं माप तेवढं लक्षात राहिलं.

हिवाळ्यात आमच्या जोडीतला एक बैल चाऱ्यावाचून बसला, तो उठलाच नाही. उन्हाळ्यात खाणीच्या कडेचा धोंडा निसटला आणि यांच्या नडगीवर आला. पाय फळ्यांत बांधून हे घरी पडले. म्हणजे मिरगाच्या तोंडावर आमच्या दावणीला एकच बैल आणि घरात एक आडवा माणूस. एका बैलाचं औत होत नाही. इतर साली ज्याच्याकडं एक बैल तो दुसऱ्या एकबैल्याबरोबर सावड करतो, दोघं मिळून दोघांचं रान पेरतात. पण त्या साली निम्म्या गावाच्या दावणी मोकळ्या पडलेल्या. सावड करायची कुणाशी?

तेव्हा यांचे चुलतभाऊ पुढं आले. नात्यानं माझे धाकटे दीर. दुष्काळातही त्यांच्या दारात जोडी उभी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी कडबा राखला होता. ओट्यावर बसून ते म्हणाले, "दादाचा पाय बरा हुईस्तोवर रान मला अर्धेलीनं द्या, पीक निम्मं निम्मं. पडीक पडन्यापरीस बरं." बोलणं गोड होतं, पण त्यांची नजर मला माहीत होती. आमचं रान रस्त्याच्या कडेचं, काळं, आणि त्यांच्या बांधाला लागून. अशी एका सालासाठी दिलेली रानं दहा-दहा सालं परत न आलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेला माणूस उठवायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या चढायला दोन धड पाय लागतात. आमच्या घरात ते नव्हते.

मी यांना म्हटलं, "बैल घिऊ. माजं चांदीचं गोठ मोडते." गोठ म्हणजे मनगटातली जाड कडी, आईनं लग्नात घातलेली. हे गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे होकार, हे इतक्या वर्षांत मला कळत होतं. मग म्हणाले, "घोडेगावच्या बाजाराला जायाचं कोनी?"

"मी."

हे हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. घोडेगावचा जनावरांचा बाजार म्हणजे पुरुषांचा मेळा. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे हेडी उभा राहतो, म्हणजे जनावरांची दलाली करणारा. हातावर रुमाल टाकायचा, त्याच्याखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावरून आकडा समजायचा. वरून दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारताहेत असं वाटावं आणि खाली सौदा चाललेला. आता परक्या बाईच्या हातात भर बाजारात हात कोण घालणार? आणि घातला तर ती बाई घरी कशी येणार? म्हणून बाईनं बैल राखायचा, त्याचं शेण काढायचं, त्याला गोंजारायचं, आजारी पडला तर रात्र जागायची. विकत मात्र घ्यायचा नाही. कारण काय, तर रुमाल!

शेवटी यांनी तोड काढली. गोठ मोडून आलेले पैसे घेऊन मी जायचं, बैल मी बघायचा, आणि बोटं लावायला बरोबर चुलत दीर. मला हे पसंत नव्हतं. तळं राखील तो पाणी चाखील, हे लहान पोरालाही कळतं. पण अडला हरी. यांनी पडल्या पडल्या मला बैलाची पारख पढवली. दात बघ, खुर बघ, वशिंड चाचप, चालवून बघ, डोळ्याला पाणी हाय का बघ. मी म्हटलं, "मला ठावं हाय. तुमच्या बैलाला बारा सालं चारा कोन घालतंय?"

सकाळच्या एसटीनं आम्ही घोडेगावला उतरलो. दुष्काळातून वाचलेली जनावरं होती ती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी पदर कमरेला खोचला आणि बघायला लागले. माणसं वळून वळून बघत होती. बघू देत. कासरे धरलेल्या शेकडो पुरुषांत एकटी बाई दिसली तर मीही बघितलं असतं.

पहिला बैल मला आवडला. मी दिरांना सांगितलं, सहाशेपर्यंत जा. ते रुमालाखाली हात घालून उभे राहिले, हेडी मान हलवत राहिला, आणि दीर परत आले. "लई मागतुया." दुसऱ्या बैलाचं तसंच झालं. "न्हाई जमत, वयनी." तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारे शेतकरी आपला बैल घेऊन उभे होते. पांढऱ्या रंगाचा, शिंगं मागं वळलेली, तोंड शांत. हा खिलारी बैल मला बघताक्षणी भावला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला, तर त्यानं अंग चोरलं नाही. दीर आणि हेडी पुन्हा रुमालाखाली. या खेपेला मी रुमालाकडं बघत नव्हते, म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं बघत होते. हेडीनं त्यांच्या हातात बोटं दिली, तसा त्यांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला.

दीर वळले. "चला वयनी. या बाजारात आपलं काम न्हाई. पावसाळा तोंडावर हाय, मोकळ्या हातानं गेलं तरी मी हायच की."

मी हलले नाही. म्हाताऱ्यांना विचारलं, "बाबा, आमच्या मानसानं किती मागितला?"

ते दचकले. बाजारात असं विचारत नाहीत. त्यांनी हेडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "लेकी, साडेतीनशात बैल मिळतुया व्हय? शेरडू मिळंल. गरिबाची चेष्टा करायला आलाय का तुमी?"

तेव्हा मला सगळं कळलं. पहिल्या बैलाचं कळलं, दुसऱ्याचं कळलं. मी सहाशे म्हणत होते आणि रुमालाखाली साडेतीनशे चाललं होतं. बैल मिळूच नये, मी मोकळ्या हातानं घरी जावं आणि रान अर्धेलीनं जावं, यासाठी सकाळपासून मला बाजारभर फिरवलं होतं. त्या वेळी रडू आलं नाही. कानशिलं तापली. खडी फोडताना हातोडा उचलला की जसं वाटायचं तसं वाटलं.

मी म्हाताऱ्यांच्या हातावरचा तो रुमाल उचलला आणि हेडीच्या खांद्यावर टाकला. मग मोठ्यानं म्हणाले, "बाबा, मी सहाशे देते. चांगलं मोठ्यानं सांगते, समद्यांनी ऐका. सहाशे. तुमाला परवडतंय का, तुमीबी तोंडानं सांगा."

आसपासचे रुमाल जागच्या जागी थांबले. हेडी खवळला. "ओ बाई, बाजार हाय ह्यो! भाव असा उघडा बोलत्यात व्हय? आमच्या बापजाद्यांपास्नं..."

"तुमच्या बापजाद्यांस्नी तोंडं नव्हती का, पाव्हनं?"

कुणीतरी हसलं. हेडीनं मग शहाणपणा केला. रुमाल पुन्हा हातावर टाकून मऊ आवाजात म्हणाला, "बरं, तुमच्या वतीनं मी धरतो बाबाचा हात. तुमी मला नुसतं कानात सांगा." मी म्हटलं, "मी माझ्या मालकाशिवाय कुनाच्या हातात हात देत न्हाई, आन कुनाच्या कानालाबी लागत न्हाई. मला जे बोलायचं ते बोलून झालं." आता हसणाऱ्यांची संख्या वाढली. दीर दोन पावलं मागं सरून माझी त्यांची ओळखच नाही असे उभे राहिले. तेवढं मात्र त्यांना छान जमलं.

म्हातारे थोडा वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग तेही मोठ्यानं बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच बाजारात भाव तोंडानं बोलत असावेत, आकड्याआधी त्यांनी चारीकडं बघून घेतलं. "साडेसहाशे धरून आलो हुतो. पर तू खाटकाला देनारी न्हाईस. सहाशे पंचवीस दे."

"दिले."

एवढंच. बाईनं बाजारात भाव बोलावा, पाऊस न पडायला एवढं कारण पुरेसं आहे, असं पाठीमागून कुणीतरी म्हणालं. मी पैसे दिले, बाजाराची पावती घेतली, कासरा हातात घेतला. दीर एसटीनं गेले. मी बैल घेऊन चालत निघाले. वाटेत दोनदा त्याला पाणी पाजलं, एकदा त्याच्याशी भांडले, आणि दिवेलागणीला गावात शिरले. माझ्या आधी बातमी पोचली होती, ती एसटीनं आली होती ना.

यांनी तोंड भिंतीकडं केलेलं. मी पाणी ठेवलं, घेतलं नाही. भिंतीलाच म्हणाले, "रुमाल काढून टाकलास. हेडीला बोललीस. उद्या त्या बाजारात माझा हात कोन धरनार? गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस."

दिवसभर चालून पाय दुखत होते, पोटात सकाळची भाकरी. मी म्हणाले, "तोंड नका दाखवू. बैल दाखवा."

यांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं. पण सकाळी मी उठले तेव्हा हे काठीच्या आधारानं अंगणात उभे. बैलाचे ओठ वर करून दात बघत होते, वशिंडावर हात फिरवत होते. बैल चांगला होता, कुणी नाही म्हणालं असतं तर त्याची मती तपासायला लागली असती. मी खुशीत जू आणलं, दोन्ही बैल जोडायला घेतले. आणि तिथं माझी फजिती झाली.

औताचा बैल जन्मभर जुवाच्या एकाच अंगाला चालतो. डाव्याचा डाव्यालाच, उजव्याचा उजव्यालाच. आमचा उरलेला बैल उजव्या अंगाचा. आणलेला बैलही उजव्या अंगाचा निघाला. दोघंही उजवीकडं घुसायला लागले, एकमेकांच्या अंगावर रेटारेटी, जू आडवं झालं. बाजारात ही पहिली विचारायची गोष्ट. बैलाचं तोंड उघडून दात बघायच्या आधी माणूस विचारतो, उजवा का डावा. यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण ही काय सांगायची गोष्ट आहे? मी विचारलं नव्हतं, कारण माझं डोकं तापलं होतं. म्हाताऱ्यांना वाटलं असणार, हेडीनं आम्हाला सांगितलं असेल. एवढा उघडा सौदा करून नेमकं तेवढंच माझ्या तोंडातून निघायचं राहिलं.

गावानं दात काढले. काढोत. हसतील त्याचे दात दिसतील. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "उजवा घिऊन आली, डावा इसरून आली." चुलत दीर ओट्यावर येऊन बसले, चेहऱ्यावर लोण्याचा गोळा. "आसू द्या वयनी, बायामानसाचं हुतंय असं. अजून येळ गेली न्हाई. रान द्या, मी पेरून घेतो."

यांनी माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं, आता माझ्या तोंडून 'बरं' निघालं तर ते आयुष्यभर निघत राहील. चूक झाली होती, मी काही आभाळातून पडलेली नव्हते. पण ती चूक माझी होती, माझ्या पैशानं, माझ्या तोंडानं, चार माणसांत केलेली. रुमालाखाली दुसऱ्यानं माझ्यासाठी केलेल्या हुशारीपेक्षा ती मला शंभर वेळा चालत होती. मी दिरांना चहा दिला आणि म्हणाले, "पिऊन घ्या. बैलाला वळवायचं हाय मला."

आणि वळवला. नवा नाही, आमचा जुनाच. बारा सालं माझ्या हातचं खाल्लेला; तो माझं ऐकेल असं मला वाटलं. जुवाला लाकडाचा ओंडका बांधायचा, जुन्याला डाव्या अंगाला जुंपायचं, आणि मी पुढं कासरा धरून चालायचं. तो बिचारा दर चार पावलांनी उजवीकडं वळायचा आणि माझ्याकडं असं बघायचा की या म्हातारपणी हे काय काढलंस. हे बांधावर बसून ओरडायचे, "कासरा आखूड धर! आता सैल! अगं सैल म्हनतो!" ओरडताना हे मला फार दिवसांनी बरे दिसले. पाऊस पडला, चारी बाजूंनी पेरण्या सुरू झाल्या, लोकांची बाजरी उगवायला लागली, आणि आमचं रान अजून तसंच काळं. रोज कुणीतरी रस्त्यानं जाताना थांबायचं, आणि सल्ला देऊन जायचं. फुकट मिळणाऱ्या गोष्टींत आमच्या गावात सल्ला एवढाच मुबलक.

शेवटी ओल उडायच्या आत पेरणीची पाभर जुंपली. पाभर मी धरली, आणि चाड्यावर, म्हणजे ज्यातून बी खाली पडतं त्या वाडग्यावर, खडी फोडताना माझ्या शेजारी बसणारी बाई. बाईनं औत धरलेलं गावानं पाहिलं नव्हतं, पण आता पाहायला लाज तरी कशाची उरली होती? बैल चालले. सरळ नाही चालले. जुन्याची खोड गेली नव्हती, मधेच उजवीकडं ओढायचा, मग मी रेटायची, मग तो डावीकडं जास्तच जायचा. पेरून झाल्यावर मातीत काही दिसत नव्हतं. उगवलं तेव्हा दिसलं. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात भरेल अशी, आमची बाजरी नागमोडी उगवली होती. एसटीतली माणसं खिडकीतून बोट दाखवायची. "नाचता येईना अंगन वाकडं," म्हणून कुणी ओरडलंही. मी त्याला ओरडून सांगितलं, अंगण सरळ आहे बाबा, नाच वाकडा आहे, बघायचा तर बघ.

एका सकाळी मी आणि हे रानात होतो. बांधाला जिथं वाट ठेवली होती, तिथं चुलत दीर आले. त्यांची जोडी आणि पाभर मागं उभी. चेहऱ्यावर खरीच कळकळ होती, तेच मला जास्त टोचलं. "दादा, गावात आपल्या घरान्याचं हसं हुतंय. ह्ये मोडून टाका. ओल हाय अजून, मी सांजच्यापातूर सरळ पेरून देतो. कायबी घेनार न्हाई. बियानंबी माझं."

मी ओळीतून उठले. हातात उपटलेलं तण होतं. म्हणाले, "भावजी, वाकडं पेरलं ते आमी. सरळ पेरायचं असंल तवा आमीच पेरू. तुमचं औत या बांधाच्या आत येनार न्हाई."

दिरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "दादा, तू सांग," म्हणाले.

हे बांधावर बसले होते. काठी टेकत उठले, एका पायावर दोन-तीन उड्या मारत वाटेपर्यंत गेले, आणि बाजूला पडलेली बोरीची काटेरी फांदी ओढून ती वाट बंद केली.